बाहुल्या विकतात, मग मुखवटे का नाही? होपी लोकांचं पॅरिस प्रकरण

१२ एप्रिल २०१३. पॅरिसच्या द्रुओ या जुन्या लिलावगृहात सत्तर मुखवटे विक्रीला मांडले होते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या होपी या मूळनिवासी लोकांच्या कात्सिना, म्हणजे पाऊस-पीक आणणाऱ्या आत्म्यांच्या, विधींतले हे मुखवटे, बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा विसाव्याच्या सुरुवातीचे. होपींनी विक्री थांबवण्यासाठी पत्रं लिहिली, अमेरिकी राजदूताने विनंती केली, सर्व्हायव्हल इंटरनॅशनल ही संस्था त्यांच्या वतीने कोर्टात गेली. कोर्टाने अर्ज फेटाळला आणि लिलाव ठरल्याप्रमाणे पार पडला. एकूण विक्री सुमारे ९ लाख ३० हजार युरोंची. 'कावळा माता' या कात्सिनाच्या एकट्या मुखवट्याला १ लाख ६० हजार युरो आले.

लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक प्रश्न वरकरणी बिनतोड होता. होपी कलाकार स्वतःच कात्सिना बाहुल्या कोरतात, रंगवतात, खाली सही करतात आणि विकतात. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर १९०५ साली बांधलेल्या 'होपी हाऊस'मध्ये पर्यटकांसाठी होपी वस्तूंचं दुकान आजही चालू आहे. फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयात सेनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी दिलेल्या चारशेहून अधिक बाहुल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल असा कोर्टकज्जा कोणी केलेला नाही. मग पॅरिसमध्येच काय बिघडलं?

मला या प्रकरणाची गुरुकिल्ली हाच प्रश्न वाटतो. होपींचा विरोध सगळ्याच विक्रीला नव्हता, आणि 'धर्माच्या वस्तू विकू नका' इतका सरसकटही नव्हता. काय विकायचं आणि काय नाही, याची त्यांची स्वतःची स्पष्ट सीमारेषा आहे. ती समजून घ्यायची तर आधी बाहुलीकडे जावं लागतं.

बाहुली कुणाची

ईशान्य ॲरिझोनात ब्लॅक मेसा या पठाराच्या दक्षिणेला तीन सोंडा पुढे आल्या आहेत. त्यांना फर्स्ट, सेकंड आणि थर्ड मेसा म्हणतात. होपींची बाराएक गावं या सोंडांवर आणि त्यांच्या पायथ्याशी वसली आहेत. बारमाही नदी नाही, पाऊस वर्षाला जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, आणि मका त्याच पावसाच्या भरवशावर. कात्सिना म्हणजे हा पाऊस, पीक आणि आयुष्य घेऊन येणारे आत्मे. त्यांचे अडीचशेहून अधिक प्रकार आहेत: ढगांचे, प्राण्यांचे, वनस्पतींचे, पूर्वजांचे. हिवाळ्यात दिवस मोठा व्हायला लागला की ते गावात येतात आणि जुलैत निरोपाचा निमान विधी झाला की नैर्ऋत्येच्या, ॲरिझोनातल्याच सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परत जातात.

या मुक्कामात, मुख्यतः फेब्रुवारीतल्या पोवामुया विधीत आणि जुलैतल्या निमानमध्ये, कात्सिना गावातल्या मुलींना बाहुल्या देतात. होपी भाषेत बाहुलीला तिहू म्हणतात. तान्ह्या मुलीला मिळणारी पहिली बाहुली चपट्या फळीची असते, हातपायही नसलेली. मुलगी वाढते तशी बाहुलीला अंग येतं. घरात ती भिंतीवर किंवा आढ्याला दोरीने टांगतात. मुलगी तिच्यावरून कात्सिना ओळखायला शिकते आणि बाहुली तिच्यासाठी आशीर्वादही असते. एकदा दिली की ती त्या मुलीची. मालकी कुणाची, हा प्रश्न इथे उरत नाही.

घडवण्याचं काम परंपरेने पुरुषांचं. लाकूड कॉटनवूडच्या मुळाचं. हे झाड पाण्याच्या शोधात मुळं लांबवर पसरवतं. वाळलेलं मूळ हातात घेतलं तर आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकं हलकं असतं, आणि कापताना सहसा चिरफळत नाही. कारागीर ही मुळं ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठाने गोळा करत. आता चांगलं मूळ मिळणं अवघड झाल्याने अनेक जण ते विकत घेतात. तुकडा करवतीने कापायचा, चाकू आणि कानशीने आकार द्यायचा, वालुकाश्माने घासून गुळगुळीत करायचा. शिंगं, कान, नाक वेगळं कोरून खुंटीने किंवा सरसाने बसवायचं. मग पांढऱ्या केओलिन मातीचा हात, आणि त्यावर रंग. पिवळा आणि तांबडा लोहयुक्त मातीचे, हिरवट निळा तांब्याच्या खनिजाचा, काळा काजळीचा. हे रंग दिशांचे आहेत: पिवळा उत्तरेचा, निळा-हिरवा पश्चिमेचा, तांबडा दक्षिणेचा, पांढरा पूर्वेचा. जुन्या बाहुल्यांवरचा मातीचा रंग पक्का बसलेला नसतो, हात लावला की बोटाला लागतो. संग्राहकांना हे माहीत असतं आणि नकली जुनी बाहुली करणाऱ्यांनाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यातले डॉक्टर, मिशनरी, मानववंशशास्त्रज्ञ आणि रेल्वेने येणारे पर्यटक बाहुल्या नेऊ लागले. बाजार आला तशी बाहुली बदलली. टांगायची बाहुली कपाटात उभी राहावी म्हणून तिच्या पायाखाली बैठक आली. पोटाशी हात घट्ट धरलेली आकृती नाचाच्या पवित्र्यात आली. मातीच्या रंगांच्या जागी आधी पोस्टर कलर आणि मग ॲक्रिलिक आले. सगळ्यात गमतीची गोष्ट पिसांची. स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८ चा कायदा आणि गरुडांच्या संरक्षणाचा १९४० चा कायदा यांमुळे बऱ्याच पक्ष्यांची खरी पिसं लावलेली बाहुली विकणं गुन्हा ठरतं. १९७० च्या दशकात याची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा कारागिरांनी पिसंच लाकडात कोरायला घेतली, एकेक शीर दिसेल अशी. आज हजारो डॉलर मोजून घेतल्या जाणाऱ्या नजाकतदार बाहुल्यांमागे वन्यजीव खात्याचा दंडुकाही आहे, हे विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. काही कारागीर या नजाकतीला कंटाळून उलट मागेही गेले: मातीचे रंग, बैठक नाही, हात पोटाशी, भिंतीवर टांगायची दोरी.

बाहुली विकण्याबद्दल होपींमध्ये एकमत आहे असं नाही. काही वडीलधाऱ्यांना ती आजही खटकते. पण मेसांवरच्या पुष्कळ घरांचा खर्च या कोरीवकामावर चालतो, आणि विकायला केलेली बाहुली विधीत दिलेली नसते, हा फरक बहुतेकांना मान्य आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतही ग्रँड कॅन्यनच्या सहलीतून आणलेली एखादी बाहुली दिसते. घेताना खाली कारागिराचं आणि कात्सिनाचं नाव आहे का, लाकूड कॉटनवूडचं आहे का, हे विचारावं. होपी नसलेल्याने केलेली वस्तू 'होपी' म्हणून विकणं १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मुखवट्याची गोष्ट निराळी

मुखवट्याला होपी लोक 'मित्र' म्हणतात आणि जिवंत मानतात. त्याला सांभाळायचं असतं, खाऊ घालायचं असतं, विधीत त्याचं काम असतं. तो एखाद्या घरी असला तरी त्या घराचा होत नाही. ज्याच्याकडे आहे तो राखणदार. दीक्षा न झालेल्या मुलांनी तो असा सुटा पाहायचाही नसतो. म्हणून होपींचा आक्षेप लिलावाच्या आधी, रंगीत कॅटलॉग छापला तेव्हाच सुरू झाला होता.

आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा देवाच्या नावावर असतो आणि पुजारी किंवा विश्वस्त ती परस्पर विकू शकत नाही. विकलीच, तर घेणाऱ्याने पैसे मोजले म्हणून व्यवहार खरा होत नाही. होपींचं म्हणणं जवळजवळ याच चालीचं होतं: राखणदाराने पैसे घेतले असतील किंवा नसतील, त्याला विकायचा अधिकारच नव्हता.

मग हे मुखवटे गावाबाहेर गेले कसे? प्रत्येकाचा प्रवास आता शोधता येत नाही, पण काळ बोलका आहे. मुलांना सरकारी शाळेत पाठवायला नकार दिला म्हणून १८९५ साली १९ होपी पुरुष अल्काट्राझच्या तुरुंगात होते. शाळा आणि सरकारी धोरण यांवरूनच ओराइबी हे जुनं गाव १९०६ च्या सप्टेंबरमध्ये फुटलं आणि एक गट घरदार सोडून बाहेर पडला. मिशनरी धर्मांतराच्या मागे होते आणि संग्रहालयांसाठी वस्तूही गोळा करत होते. अशा वेळी काही राखणदारांनी विकलं, काहींना विकावं लागलं, काही वस्तू चोरीला गेल्या. लिलावातल्या मुखवट्यांचं वय याच काळाशी जुळतं. 'कायदेशीरपणे घेतलेला संग्रह' हे शब्द त्या वर्षांना लावताना मी तरी बिचकतो.

चोरी ही फक्त जुन्या काळची गोष्टही नाही. १९७८ साली शुंगोपावी गावाजवळच्या गुहेतून चार कोरीव लाकडी देवता चोरीला गेल्या. तरुणांना प्रौढ पुरुषांत घेण्याच्या दीक्षेला त्या लागत. पुढे तपासात असं समोर आलं की घेणाऱ्याने पकडले जाण्याच्या भीतीने त्या जाळून टाकल्या. चोरांच्या हिशेबी ती लाकडं होती. गावाचा एक विधीच थांबला.

कोर्टात काय झालं

अमेरिकेत १९९० पासून नॅगप्रा नावाचा कायदा आहे. संघराज्याच्या पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांनी आणि संस्थांनी जमातींचे पूर्वजांचे अवशेष, पवित्र वस्तू आणि सामूहिक मालकीच्या वस्तू परत करायच्या, असं तो सांगतो. कोणत्याही एका व्यक्तीला विकता न येणारी वस्तू, ही कल्पना त्यात शब्दांत मांडलेली आहे. पण हा कायदा फ्रान्समध्ये लागू नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत, सद्भावनेने घेतलेली जंगम वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो मालक, असं तत्त्व आहे. विकता न येण्याचं संरक्षण तिथे सरकारी संग्रहांना आहे, परदेशी जमातींच्या वस्तूंना नाही.

होपींच्या बाजूने लढणारे वकील पिएर सर्वान-श्रायबर यांच्यापुढे दरवाजा अरुंद होता. त्यांनी मानवी देहाच्या सन्मानाच्या तरतुदीचा आधार घेतला. माओरी लोकांची गोंदवलेली शिरं परत करण्यासाठी फ्रान्सने २०१० साली खास कायदा केला होता, म्हणजे अगदीच अशक्य कल्पना नव्हती. होपींच्या दृष्टीने मुखवट्यात पूर्वज आहेत, तर त्यालाही तसाच मान द्या, असा तो युक्तिवाद. न्यायाधीशांचं उत्तर सरळ होतं: मुखवट्यांना पवित्र मूल्य असलं तरी ते मृतदेह नव्हेत, आणि कोणा माणसाच्या शरीराचे भागही नव्हेत.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला दुसरा लिलाव ठरला, पुन्हा अर्ज झाला, पुन्हा फेटाळला गेला. या वेळी न्यायालयाने मान्य केलं की विक्री होपींच्या सन्मानाला धक्का देणारी वाटू शकते, पण नैतिक कारणावरून, कायद्याने मना नसलेली विक्री थांबवता येत नाही. २०१४ मध्ये फ्रान्सच्या लिलाव नियामक मंडळापुढे गोष्ट आणखी विचित्र झाली. होपी जमातीला दावा करण्याइतकं कायदेशीर अस्तित्वच फ्रान्समध्ये नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्यांची वस्तू, त्यांना दारातूनच परत.

इथे भारतीय वाचकाला पाथूरचा नटराज आठवावा. तमिळनाडूतल्या एका पडक्या देवळाच्या आवारात जमिनीत सापडलेली कांस्यमूर्ती चोरवाटेने लंडनला गेली. मूर्ती परत मागणाऱ्यांत ते देऊळही होतं. देऊळ म्हणजे दगडांचा ढीग उरला होता. तरी १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्याला पक्षकार मानलं आणि मूर्ती भारतात आली. इंग्लंडच्या कायद्यातही देवळाला व्यक्ती मानत नाहीत, पण भारतीय कायदा मानतो म्हणून त्यांनी मानलं. पॅरिसमध्ये असं झालं नाही, आणि माझ्या मते निकालांत खरी खोट आहे ती इथे. मुखवटा म्हणजे देह नव्हे, हे न्यायाधीशांचं म्हणणं तर्काला धरून आहे. जमातीला उभंच न करणं तसं नाही.

पैसे मोजून परत

२०१३ च्या डिसेंबरमधल्या लिलावात फोनवरून कोणी तरी एकामागून एक वस्तू घेत होतं. सभागृहात कुणाला कल्पना नव्हती. नंतर कळलं की लॉस एंजेलिसची ॲनेनबर्ग फाउंडेशन ही संस्था बोली लावत होती. तिने २४ वस्तू सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरना घेतल्या: २१ होपींच्या आणि ३ सॅन कार्लोस अपाची लोकांच्या. सगळ्या परत पाठवल्या. गुप्तता मुद्दाम राखली होती, नाव फुटलं असतं तर भाव चढले असते. सर्वान-श्रायबर यांनीही एप्रिलमध्ये स्वतः एक मुखवटा घेऊन होपींना दिला होता.

होपींनी स्वतः मात्र बोली लावायची नाही, हे धोरण सोडलं नाही. डिसेंबर २०१४ च्या लिलावात हा फरक ठळक झाला. शेजारच्या नवाहो जमातीचं शिष्टमंडळ पॅरिसला गेलं आणि आपले सात मुखवटे सुमारे साडेसात हजार युरोंना सोडवून घेऊन आलं. त्याच लिलावात होपींच्या वस्तूही होत्या आणि त्या इतरांनी नेल्या. नवाहोंची भूमिका व्यवहारी होती: एवढ्या रकमेत घरी येतायत ना, मग आणू. होपींचं म्हणणं, आपलंच आपण विकत घेतलं की समोरच्याची मालकी मान्य केली आणि पुढच्या लिलावाचा पायाही घातला.

दोन्हींपैकी बरोबर कोण, हे बाहेरून ठरवणं सोपं नाही, पण माझं मत होपींच्या बाजूला झुकतं. दानशूराने मोजलेले ५ लाख ३० हजार डॉलर शेवटी विक्रेत्यालाच मिळाले, आणि अशा वस्तूंना हमखास गिऱ्हाईक आहे हा संदेश बाजारात गेला. अर्थात, आपला मुखवटा कुणाच्या दिवाणखान्यात जाताना पाहून गप्प बसायची किंमत होपींनी दिली, मी नाही.

परत आलेल्या वस्तूंचा एक त्रास फार कमी बोलला जातो. कीड लागू नये म्हणून संग्रहालयं पूर्वी अशा वस्तूंवर आर्सेनिकसारखी विषं वापरत. संग्रहालयांतून होपींकडे परत आलेल्या काही मुखवट्यांवर ते सापडलं. काचेआड ठेवलेल्या वस्तूला त्याने फरक पडत नाही. पण होपींकडे मुखवटा परत येतो तो चेहऱ्यावर चढण्यासाठी.

कायद्यातलं भोक कुठे होतं

फ्रेंच बाजूने एक बोचरा प्रश्न विचारला जात होता: तुमच्याच देशाने या वस्तू बाहेर नेण्यावर बंदी घातलेली नाही, मग आम्ही का अडवू? उत्तर द्यायला वॉशिंग्टनकडे काही नव्हतं. इटली किंवा भारत पुराणवस्तूंसाठी निर्यातीची परवानगी मागतो तशी व्यवस्था अमेरिकेत जमातींच्या वस्तूंसाठी नव्हतीच. सांस्कृतिक वस्तूंच्या तस्करीविरुद्धचा १९७० चा युनेस्को करार दोन्ही देशांनी स्वीकारलेला आहे, पण ज्या देशाने स्वतः दार उघडं ठेवलं त्याला तो तरी काय देणार.

याच सुमाराला न्यू मेक्सिकोतल्या ॲकोमा पुएब्लो या जमातीच्या एका पवित्र ढालीचं प्रकरण उलट गेलं. ही ढालही पॅरिसच्या लिलावात निघाली होती, पण १९७० च्या दशकात ती गावातल्या घरातून चोरीला गेल्याची साक्ष शपथपत्रावर होती. २०१६ मध्ये ती विक्रीतून मागे घेतली गेली आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ॲकोमाला पोहोचली. एका विशिष्ट वस्तूची विशिष्ट चोरी दाखवता आली की फ्रेंच यंत्रणा हलते. होपींच्या सत्तर मुखवट्यांपैकी प्रत्येकाची शंभर वर्षांपूर्वीची हकिकत अशी मांडणं शक्य नव्हतं. आणि ज्या गावांत छायाचित्र काढायलाच मनाई, तिथे जुना फोटो पुराव्याला कुठून आणणार?

पॅरिसच्या लिलावांनी जो धक्का दिला त्यातून अमेरिकेत स्टॉप नावाचा कायदा पुढे आला. संसदेत तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि अखेर २१ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली. जमातींच्या सामूहिक मालकीच्या, बेकायदा मिळवलेल्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर त्याने बंदी घातली, निर्यात प्रमाणपत्राची पद्धत आणली आणि पुन्हा पकडल्या गेलेल्या तस्कराची शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षांपर्यंत वाढवली. मेसांवरच्या कारागिराने विकायला केलेली, सही असलेली बाहुली खुशाल परदेशी जाऊ शकते, कारण कायद्याचा रोख तिच्यावर नाहीच. म्हणजे २०१३ साली लोकांना न उमगलेली होपींची सीमारेषा नऊ वर्षांनी अमेरिकेच्या निर्यात कायद्यात उतरली.

मात्र हा कायदा सहीनंतर बाहेर जाणाऱ्या वस्तूंचा आहे. त्याआधी अमेरिकेबाहेर गेलेल्या संग्रहांवर तो चालत नाही. पॅरिसमध्ये असलेल्या मुखवट्याला अजून फ्रेंच दिवाणी संहिताच लागू आहे, आणि तिच्यातलं ताब्याचं तत्त्व २०१३ मध्ये होतं तसंच आहे.